निलंग्यास गेलेले तूप

सुज्ञ वाचकहो, लातूरच्या औद्योगिक वसाहतीलगत असलेल्या आमच्या वस्तीत जे घडले, ते मी यथाशक्ती निवेदन करीत आहे. कृपया शांत चित्ताने वाचावे.

वस्तीमागील माळावर तांब्यासाठी जुन्या वायरी जाळण्यात येतात. त्या काळ्या धुराच्या भयाने माझे शेजारी शेषेराव व त्यांच्या पत्नी चतुराबाई यांनी पहिल्या बाळंतपणाची रीत मोडली. गर्भवती कन्या पुनम हिला माहेरी न आणता निलंग्यास सासरीच ठेविले. मात्र दारच्या म्हशीचे तूप चतुराबाई एस.टी.ने नेमाने धाडीत असत.

त्या सुमारास नांदेडहून समीक्षा नामक संशोधिका आल्या. त्यांनी शेषेरावांच्या गच्चीवर स्टीलची दोन भांडी तोंडास तोंड लावून टांगली. आत पांढरा स्पंज होता.

"हवेतलं विष यात साचतं, मावशी."

"त्याला स्पंज कशाला, बाई? आमी हावच की," चतुराबाई वदल्या.

काही महिन्यांनी समीक्षा अहवालासह परतल्या. मीही तेव्हा ओसरीवर उपस्थित होतो.

"स्पंज तर पांढराच निघाला की," शेषेराव म्हणाले.

"हे विष दिसत नाही, काका. वर्षानुवर्षं जातही नाही. इथं फार आहे."

"बरं झालं, लेकीला आनलं न्हाई," चतुराबाई समाधानाने उद्गारल्या.

समीक्षांची दृष्टी म्हशीकडे गेली. "चारा कुठला?"

"मागल्या माळाचा."

समीक्षांनी अहवाल मिटला. मग हळू स्वरात म्हणाल्या, "ते विष चाऱ्यावर बसतं, मावशी. जनावराच्या पोटात जातं आणि दुधातल्या लोण्यात उतरतं."

शेषेरावांनी निलंग्यास फोन लावून स्पीकरवर ठेविला.

"पुने, तूप खाऊ नको," चतुराबाई म्हणाल्या. "हाय तेवढं टाकून दे."

"टाकायला उरलंय कुठं?" पुनम हसली. "सासूबाई मला रोज भातावर वाढायल्यात. बाळ बी लई लाथा मारायलंय बग. दुसरा डबा कधी धाडतीस?"

माळावर नवी वायर पेटली होती आणि दावणीची म्हैस संथपणे चारा चघळीत होती.

मज अल्पशिक्षिताचे लेखन आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

रामकिशन मारोती सूर्यवंशी