पडद्यावरचं दीपगृह

फाट्यावर पाटी होती आणि पाटीवर बाण. बाणाचं काय जातंय? तो आपला खुशाल डावीकडे दाखवत होता : दीपगृह, बेचाळीस किलोमीटर.

थोरलीने गाडी कडेला घेतली ती बाबांनी हट्ट धरला म्हणून. तिला क्षणभरही थांबायचं नव्हतं. पावणेबारा झाले होते, शहर अजून अडीच तासांवर होतं, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात तीनच्या आत नाव लागलं नाही तर आजचं ऑपरेशन होणार नव्हतं. सकाळी टायर पंक्चर झाला नसता तर हातात एक तास जास्त असता. पण पंक्चरला मेल्याला काळवेळ कुठला!

बाबांचा उजवा डोळा काचबिंदूने दोन वर्षांपूर्वीच नेला होता. डाव्यात थोडं उरलं होतं, तेही धुरकट काचेतून पाहिल्यासारखं. हाताच्या अंतरावर बोटं मोजता यायची. त्यापलीकडे नुसते उजेडाचे आणि अंधाराचे ठोकळे. ऑपरेशन करणारा मोठा डॉक्टर महिन्यातून एकदाच बाहेरून यायचा. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "गेलेलं परत येणार नाही. आहे तेवढं वाचवायचं. वाचेल अशी निम्मी आशा धरा. कधीकधी उरलेलंही ऑपरेशनमध्येच जातं. पण थांबलात तर महिन्याभरात जाणारच." असा गोड बोलणारा डॉक्टर शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

"किती लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"बेचाळीस. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी. रस्ता अरुंद. दोन तास तरी मोडतील, बाबा. नाही जमणार."

"मग नाही जमणार," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. हे त्यांचं जुनं हत्यार. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

बाबांना सारं गाव फोटोमास्तर म्हणायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओत भिंतभर एक पडदा. तो त्यांनी स्वतः रंगवला होता. कुणा ओळखीच्याने दीपगृहाच्या फोटोची एक रंगीत फिल्म आणून दिली होती. ती प्रोजेक्टरमध्ये घालून, खोलीत अंधार करून, चित्र कापडावर पाडलं, पेन्सिलीने रेघ न् रेघ गिरवली आणि पुढे तीन आठवडे रंग भरला. पांढराशुभ्र मनोरा, त्यावर दोन लाल पट्टे, समोर निळं दार, दाराच्या डावीकडे गोल फिरत वर जाणारा लोखंडी जिना, मागे समुद्र. तीस वर्षं गाव त्या पडद्यासमोर उभं राहिलं. नवी जोडपी, रांगती पोरं, निवृत्त झालेले कारकून. निम्म्या गावाने समुद्र बघितलेला नव्हता, पण समुद्राकाठचा फोटो घरटी एक होता. थोरलीने तर पहिलीपासूनचा अभ्यास त्या समुद्राला पाठ टेकून केला होता.

एकदा एक शाळामास्तर सुट्टीत खरं दीपगृह बघून आले आणि तडक दुकानात येऊन बाबांच्या कानाशी लागले. बाबांनी त्यांना आत नेलं, दार लावून घेतलं. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चौकटीसकट मोठा फोटो होता, तोही फुकट. घरात त्यावर कोणी काही विचारलं नाही.

आणि ज्याने तो पडदा रंगवला त्याने खरं दीपगृह कधीच पाहिलं नव्हतं. आई दर वर्षी म्हणायची, "या वर्षी जाऊया का?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "लग्नसराई संपू दे." लग्नसराया संपत गेल्या, चार वर्षांपूर्वी आईही संपली.

थोरलीने मोकळ्या हवेचं निमित्त काढून गाडीतून उतरून धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ने ना त्यांना! एवढी एकच तर इच्छा आहे," धाकटी तिकडून म्हणाली. "तू ना, भारी कठोर झालीयेस."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! थोरलीने फोन ठेवला आणि दवाखान्यात लावला. तिकडची बाई म्हणाली, "तीन म्हणजे तीन, ताई. तीन वाजून पाच मिनिटं म्हणजे पुढचा महिना."

फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाली हे सगळं ऐकत होती.

"मावशी, बघण्यासारखं आहे का हो ते दीपगृह?" थोरलीने विचारलं. मनातून तिला 'नाही' ऐकायचं होतं.

"काय बघायचंय? एक खांब. दुरून डोंगर साजरे," टपरीवाली म्हणाली. "लोक जातात, फोटो काढतात, दमून परत येतात आणि माझ्याकडे चहा पितात. माझ्या दृष्टीने जागा फार चांगली आहे."

"मधला रस्ता वगैरे?"

"मधला कुठला आलाय! आहे तो हाच."

थोरली गाडीत येऊन बसली. बाबा खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, "समज, आज गेलाच हा डोळा. मग मी शेवटचं काय पाहिलं? तुझ्या गाडीचा डॅशबोर्ड आणि पंक्चरवाल्याची पाठ."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये म्हातारा बाप. नेलं तर डोळा जाणार, नाही नेलं तर त्याची इच्छा मरणार. बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती. तिने समोर, शहराच्या दिशेच्या हमरस्त्याकडे पाहिलं. लांबवर कसल्याशा बंद गिरणीची पाण्याची टाकी दिसत होती. उंच, गोल, चुन्याने रंगवलेली. रस्त्याला अगदी लागून.

"टपरीवाली म्हणते मधला रस्ता आहे," थोरली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "जवळच आहे म्हणे."

बाबा झटकन वळले. "खरंच?"

"खरंच."

टाकीपाशी तिने गाडी थांबवली, बाबांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि टाकीकडे तोंड करून उभं केलं. बाबांनी मान वर केली. आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि केस नीट विंचरले. स्टुडिओत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी कंगवा द्यायचे. विस्कटलेल्या डोक्याने पडद्यासमोर जायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

"पांढरं दिसतंय काहीतरी," ते म्हणाले. "केवढं उंच आहे गं!"

"हो ना."

"पट्टे?"

"दोन. लाल."

"आणि जिना?"

"दाराच्या डावीकडे, बाबा. लोखंडी, गोल गोल. अगदी आपल्या पडद्यावर आहे तस्सा."

मागून एक ट्रक धडधडत गेला. धूळ उडाली, दोघांच्याही अंगावर बसली. त्यांनी कंगवा हळूच खिशात ठेवला.

"समुद्राचा आवाज नाही येत," ते म्हणाले.

"ओहोटी आहे."

"हं. ओहोटीला पाणी फार लांब जातं म्हणतात." त्यांनी चाचपडत तिचा खांदा धरला. "चल. छान आहे. बघून झालं. तुला उशीर होतोय."

पुढचे अडीच तास थोरलीने गाडी चालवली ती डोळे पुसत. बापाच्या डोळ्यांत धूळ फेकली, तीही डोळा जायच्या दिवशी! तिला स्वतःची शिसारी आली. बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, "सावकाश चालव गं. पोचतोय आपण."

पोचले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी नाव लागलं, संध्याकाळी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरने डोळ्यासमोर बोटं धरली, मग बॅटरीचा झोत टाकला. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं होतं.

बाबांनी विचारलं, "लाईट गेलीय का?"

डॉक्टरने बॅटरी खट्कन बंद केली. त्यांना काय ते कळलं. बराच वेळ ते गादीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "असू दे. दीपगृह बघून झालं होतं ते एक बरं झालं."

थोरली न्हाणीघरात गेली, नळ पुरता सोडला आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली.

घरी सोडलं त्या दिवशी परतीच्या वाटेवर फाटा आला, तेव्हा तिने न विचारता गाडी वळवली. आता घाई कसली होती? रस्ता नावालाच रस्ता होता, बेचाळीस किलोमीटरला सव्वा तास लागला. सारी वाट ती मनात वाक्यं जुळवत होती. बाबा, मी खोटं बोलले. बाबा, ती पाण्याची टाकी होती. एकही वाक्य ओठांपर्यंत येईना. बाबांनीही कुठे चाललोय ते विचारलं नाही. शेवटच्या वळणाला समुद्राची गाज ऐकू आली, तेव्हा त्यांनी फक्त काच खाली केली.

दीपगृह पुढ्यात होतं. पडद्यावरच्यापेक्षा बुटकं. पांढरा रंग पोपडे धरून सुटलेला, लाल पट्टे विटकरी झालेले, निळ्या दाराला कुलूप. आजूबाजूला चिटपाखरू नाही. थोरली बाबांचा हात धरून चार पावलं चालली आणि थबकली. तिने दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं.

"बाबा..."

"जिना उजवीकडे आहे ना?" बाबांनी विचारलं.

तिच्या हातातून त्यांचा हात सुटला.

"फिल्म उलटी लावली होती मी, उजव्याचं डावं झालं," बाबा म्हणाले. "एक बाजू चकचकीत असते, एक मंद. शिकाऊसुद्धा चुकत नाही. मी चुकलो. पडदा पुरा होऊन महिना झाल्यावर ध्यानात आलं. तोवर त्याच्यासमोर पहिला फोटो काढून झाला होता, आमच्याच लग्नाचा. तुझी आई म्हणाली, राहू दे, कोण बघायला जातंय. तिला माहीत होतं आणि त्या मास्तरांना. म्हणून तर इथे यायची लाज वाटायची मला. लग्नसराई कसली! वर्षभर थोडीच असते?"

"म्हणजे त्या दिवशी..."

"तू डावीकडे म्हणालीस तेव्हाच कळलं, आपण पडद्यासमोर उभे आहोत."

"मग बोलला का नाहीत?" ती जवळजवळ ओरडलीच. "मला एक थोबाडीत द्यायची होती! उलटी फिरवली असती मी गाडी!"

"फिरवली असतीस, म्हणूनच नाही बोललो. तीन वाजून गेले असते. मग डोळा गेला असता आणि जन्मभर तुला वाटलं असतं, तो तुझ्यामुळे गेला." बाबांनी वाऱ्याकडे तोंड केलं. "जायचाच होता तर डॉक्टरच्या हातून जाऊ दे, म्हटलं. तुझ्या हातून नको."

थोरली मटकन वाळूत बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. बाबांनी तिला रडू दिलं. लाटांचा आवाज येत होता, भरती होती.

"झालं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "मग आता सांग. पडद्यावरचं नको, समोर आहे ते सांग."

तिने नाक पुसलं. "बुटकं आहे, बाबा. रंग उडालाय. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या तुटल्यात. दाराला कुलूप आहे, तेही गंजलंय. खरं सांगू? काही विशेष नाही. तुमचा पडदा बरा."

बाबा हसले. दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा हसले. मग त्यांनी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"नीट उभा आहे का मी?"

नव्हते. त्यांचं तोंड भलतीकडेच होतं, वाळूच्या टेकाडाकडे. थोरली उठली, दोन्ही खांदे धरून दाराकडे पाठ येईल असं त्यांना वळवलं आणि चार पावलं मागे सरकली. हे वळवणं, हे मागे सरकणं ती जन्मापासून बघत आली होती.

"हनुवटी थोडी वर," ती म्हणाली.

बाबांनी हनुवटी वर केली.