तीन बोटांपैकी एक

मित्रांनो, मी डायनासोरच्या पायाचा एक जुना ठसा आहे. जुना म्हणजे किती? तुमच्या पणजोबांचे पणजोबा जन्मलेही नव्हते, तेव्हा मी म्हातारा होऊन चुकलो होतो. तळ्याकाठच्या चिखलात त्या डायनासोरने पाय टाकला आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. चिखल उन्हाने वाळला, वर गाळाचे थर चढले, आणि त्या ओझ्याखाली माझा दगड झाला. माझी तीन लांब बोटे मात्र तशीच राहिली.

पुढे या टेकडीवर दगडाची खाण निघाली. एका पाथरवटाने वरचा थर उचलला, तर खाली मी! "अरे, हा कुणाचा पाय?" असे पुटपुटत तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. त्याने घण खाली ठेवला, म्हणूनच मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

खाण बंद झाली. माझ्याभोवती कठडा आला आणि राखणीला एक मावशी आल्या. रोज सकाळी त्या मऊ कुंचल्याने माझी धूळ झाडत. लांबून लांबून लोक येत. एक आजोबा म्हणाले, "एवढ्या मापाची चप्पल कुठे मिळायची हो?" कोणी आत पाय घालू लागले, की मावशी ओरडत, "मालक परत आला तर काय सांगू त्याला?" सगळे हसत. माझे फार कौतुक झाले, मित्रांनो. मीही थोडा फुशारलो होतो.

मग एका शाळेची सहल आली. मुले भराभर वर चढली. चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी मात्र खाली बसमध्येच राहिली. चढ खडा होता, वाट निसरडी होती. पुढच्या रविवारी त्यांच्या बाई एकट्याच आल्या. हातात प्लॅस्टरची पिशवी होती.

"मावशी, याचा साचा घेऊ द्या. तिला निदान हात तरी लावता येईल."

"नको हो बाई. तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही."

"मी तेल लावून घेते ना आधी. अर्ध्या तासाचं काम."

मावशींनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी त्यांचे मन विरघळले. "लवकर उरका," त्या म्हणाल्या.

माझ्या मधल्या बोटाला एक बारीक तडा होता. तो मला ठाऊक होता, त्या दोघींना नव्हता. तेल तिथवर पोचले नाही. प्लॅस्टर पोचले. ते आत शिरून घट्ट होताना मला कळत होते. "थांबा!" असे मला ओरडायचे होते. पण दगडाला तोंड कुठले?

बाईंनी साचा उचलला. कट्‌ असा आवाज झाला. माझ्या मधल्या बोटाचा दगड साच्याला चिकटून निघून आला.

 मग बाई रडू लागल्या. "मी सांगते सगळ्यांना. तुमचं नाव घेत नाही."

"होकार माझा होता," मावशी म्हणाल्या. "तो मी कुणाच्या गळ्यात घालू?"

दोघींनी कार्यालयात जाऊन खरे ते सांगितले. तज्ज्ञ आले. कडांचा भुगा झाला होता, बोट पुन्हा बसेना. मावशींना दुसरीकडे पाठवले. जाताना त्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत. मी रागावलेलो नाही, एवढेही मला त्यांना सांगता आले नाही.

आता माझ्याभोवती उंच जाळी आहे. नवे राखणदार खाली फाटकापाशीच बसतात. माझ्यात पालापाचोळा कुजतो, पाणी साचते. ते काढायला मला हात नाहीत. ज्या पायाचा मी ठसा, तो निदान चालत तरी होता.

मित्रांनो, मला मोडणारे हात वाईट नव्हते. ते मायेचे होते. म्हणूनच सांगतो, नुसती माया पुरत नाही. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी जाणत्यांना विचारा, आणि थांबायला सांगितले तर थांबा.

आणि कधी इकडे आलात, तर जाळीतून जरा नीट पाहा. माझ्या डाव्या बोटालाही तडा गेला आहे. तो अजून कोणीच पाहिलेला नाही.