चहाला दिवस गेले

गुरुवार उजाडला की गंगेवरच्या पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या मराठी गल्लीत मुंगीला शिरायला जागा नसे. चंदौलीहून, गाजीपूरहून, पार बलियाहून बायका यायच्या. प्रत्येकीच्या पदराखाली एक बाटली, आणि त्या बाटलीत तिची सकाळची लघवी. धर्मशाळेच्या अंगणात मांडव घातलेला आणि मांडवात चौरंगावर संतानेश्वरी माता बसलेली. माता ती लघवी पितळेच्या वाटीत ओतून घ्यायची, डोळे मिटून पुटपुटायची, चांदीच्या झारीतून गंगाजलाचे थेंब वाटीत सोडायची, आणि तिचा चेला यज्ञेश त्यात एक पट्टी बुडवायचा. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते तीच पट्टी. एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर दिवस गेले. मातेच्या वाटीत दोनच उमटत.

मग यज्ञेश पट्टी उंच धरून माइकवर ओरडायचा, शंख वाजायचा, आणि लग्नाला कित्येक वर्षं झालेली ती बाई मांडवात ओक्साबोक्शी रडायची. मातेच्या ओटीत सोन्याचा मणी पडायचा. घरी निघालेल्या प्रत्येकीला माता बजावायची, "डॉक्टर के पास मत जाना, बेटी. मशीन की नज़र लगती है, गर्भ उलटे पाँव लौट जाता है." पुढे ज्यांना पाळी यायची त्यांची श्रद्धा कमी पडलेली असायची. मातेचं कधीच काही कमी पडत नसे.

मी गीता. रेल्वेच्या आरक्षण कार्यालयातून निवृत्त झाले आणि ब्रह्मा घाटावरच्या सखीद्वार संस्थेत जाऊन बसू लागले. संस्था आमच्या या पूर्वांचल भागातल्या बायकांची पाळी, गर्भनिरोध, बाळंतपण या गोष्टी बघते आणि शाळांत जाऊन मुलामुलींना शरीराची माहिती देते. तिथल्या डॉक्टर मालविका. या संस्थेवर आमच्या गल्लीचा किती राग! मालविकाने शाळेत पाळीबद्दल सांगितलं तर दुसऱ्या दिवशी आमच्या पाटीला काळं फासलेलं. मुलींना नको ते शिकवता, म्हणून वेणीमाधव गुरुजी मला रस्त्यात अडवून बोलले होते. पाळी हा शब्द ऐकला की ज्यांचे कान विटाळायचे, तीच माणसं आता हात जोडून पितळेच्या वाटीतली परक्या बायकांची लघवी बघत बसत होती. याला काय म्हणावं? मी त्याला ढोंग म्हणते, आणि अजूनही म्हणते.

हे वेणीमाधव गुरुजी म्हणजे मातेच्या मांडवाची शोभा. ब्रह्मा घाटावरचे वैदिक, दशग्रंथी, सोवळ्याचे इतके कडक की लेकीच्या सासरीही पाणी पीत नसत. ते सुरुवातीला मंत्र म्हणत, आणि माता सगळ्यांच्या देखत त्याच चांदीच्या झारीतून त्यांच्या तळहातावर आचमन घालत असे. शंकेखोरांची तोंडं बंद करायला तेवढं पुरे होतं. गंगाजल नसतं तर गुरुजींनी घेतलं असतं का, असं बायका एकमेकींना सांगत. त्या जलाला केवड्याचा दाट वास यायचा.

गुरुजींची सून अंतरा. मूळची नागपूरची, वय तिशीच्या आत. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, मूल नाही. मुलगा देवव्रत बँकेत आहे, स्वभावाने गरीब. त्याची तपासणी कोणी कधी केली नव्हती. पुरुषाला कसली तपासणी, असा घरचा खाक्या. सासू शरदिनीबाई देवव्रताच्या दुसऱ्या लग्नाची भाषा करू लागल्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी मातेच्या वाटीत अंतराच्या नावाने दोन रेघा उमटल्या. पाळी तर आधीपासूनच अनियमित होती, ती थांबली. पोट वाढू लागलं. शरदिनीबाईंनी पेढे वाटले आणि सुनेला खाली वाकू देईनात. त्या घरात अंतराला पहिल्यांदाच माणसासारखं वागवलं जात होतं.

एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दाराने आत आली. चेहरा पांढराफटक. पोटात उजवीकडे अशी कळ येते की श्वास अडकतो, म्हणाली. घरी सांगितलं तर सासूबाई अंगारा लावतात. मी तिला तशीच सखीद्वारमध्ये नेलं. मालविकाने पोट दाबून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. आमच्याकडच्या पट्टीवर अंतराची लघवी तपासली. एकच रेघ.

"अंतरा, तुला दिवस गेलेले नाहीत," मालविका म्हणाली. "पोटात काहीतरी वाढतंय, पण ते मूल नाही. मला वाटतं अंडाशयावर गाठ आहे. तिला पीळ पडला तर जिवावर बेतेल. आजच सोनोग्राफी करू."

अंतराने हात सोडवून घेतला. माताजींनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. नास्तिकांच्या पट्टीवर एकच रेघ येते. मालविकाने तिला अर्धा तास समजावलं, मी रागावले, शेवटी हातापाया पडले. देवव्रताला फोन केला तर तो म्हणाला, आई-बाबांना विचारून सांगतो. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तेव्हा मालविकाने आमच्या किटलीतला कोरा चहा एका बाटलीत ओतला. त्यात पाणी घालून रंग फिका केला. "हे घे," ती म्हणाली. "गुरुवारी तुझ्या लघवीच्या जागी हे दे. तुझी माता खरी असेल तर तिला कळेलच हे काय आहे. तसं झालं तर मी पुन्हा तुझ्या वाटेला येणार नाही. आणि नाही कळलं तर?"

"कळेल," अंतरा म्हणाली. "माताजी ओळखतील." तिने बाटली घेतली ती मालविकाला खोटं पाडण्यासाठी. त्या मुलीला माता जिंकायला हवी होती, आणि का हवी होती ते आम्हा दोघींना कळत होतं.

पोटुशींना दर महिन्याला पुन्हा साक्ष काढायला बोलावत, म्हणजे ओटी पुन्हा भरायची. त्या गुरुवारी मी आणि मालविका पुढच्या रांगेत बसलो. माता रंगात होती. "जहाँ विज्ञान थक जाता है, वहाँ से माँ चलना शुरू करती है," असं म्हणून तिने घसा साफ केला आणि चालणं सोडून लोडाला टेकली. गुरुजींचे मंत्र झाले, आचमन झालं. अंतराचं नाव पुकारलं गेलं. तिने बाटली दिली आणि मातेच्या तोंडाकडे डोळे लावून उभी राहिली. मातेने चहा वाटीत ओतला, त्याला भक्तिभावाने नमस्कार केला, झारी तिरकी केली, थेंब सोडले. यज्ञेशने पट्टी बुडवली.

दोन ठसठशीत रेघा. चहाला दिवस गेले होते.

शंख वाजला. यज्ञेशने अंतरासमोर माइक धरला, तिने माँची जय म्हणावं म्हणून. ती पट्टीवरच्या रेघांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माताजी, यह तो चाय का पानी है."

मांडवातल्या माना वाटीकडे वळल्या. माता मात्र मुरलेली बाई. क्षणभर तिच्या पापण्या फडफडल्या, मग हसून म्हणाली, "माँ की कृपा हो तो चाय की भी कोख भर जाए." आणि लोकांनी काय केलं असेल? जयजयकार केला. माणसाच्या मुलापेक्षा चहाला मूल होणं हा मोठा चमत्कार, असा त्यांचा हिशेब. माझ्या शेजारची बाई तर गहिवरून डोळे पुसू लागली. अशा वेळी मला माझ्या लोकांची लाज वाटते.

मालविका उठून चौरंगाजवळ गेली आणि लोकांना सरळ हिंदीत सांगू लागली. ही पट्टी देव ओळखत नाही, दैव ओळखत नाही. ती एकच गोष्ट ओळखते. बाई गरोदर राहिली की तिच्या शरीरात एक द्रव्य तयार होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. ते चहात नसतं, गंगेतही नसतं. वाटीत चहा होता आणि झारीतले थेंब होते, म्हणजे ते द्रव्य झारीतून आलं. झारीत कुण्या गरोदर बाईची लघवी आहे, आणि वास लपवायला केवडा आहे. थोडे थेंब पडले तरी वाटीतल्या कशालाही दोन रेघा येतील. विश्वास नसेल तर झारीतच पट्टी बुडवून बघू द्या.

मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. यज्ञेशने झारी छातीशी धरली. कोणी मालविकाची ओढणी खेचली, कोणी तिला विधर्मी म्हणालं, मागून एक चप्पल आली ती माझ्या खांद्याला लागली. ज्यांच्या सुनांना मालविकाने फुकट औषधं दिली होती तेही त्यात होते. मला वाटलं, संपलं, आता हे आम्हाला पायऱ्यांवरून खाली ढकलतात.

तेवढ्यात वेणीमाधव गुरुजी उभे राहिले. त्यांचा तळहात अजून ओला होता. ते मातेसमोर गेले आणि अदबीने म्हणाले, "माताजी, आप भी एक आचमन ले लीजिए. बात यहीं ख़तम हो जाएगी."

आज निर्जल उपवास आहे, माता म्हणाली. आचमनाने उपवास मोडत नाही, हे गुरुजींइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी यज्ञेशच्या हातातून झारी घेतली आणि तिच्यासमोर धरली. मातेने हात पुढे केला नाही. गुरुजींनी झारी तिच्या ओठांजवळ नेली तशी तिने तोंड फिरवून ती हाताने उडवली. चौरंगावर सांडलेल्या त्या तीर्थात मालविकाने पट्टी टेकवली. दोन रेघा, आधीच्यापेक्षा गडद. नंतर पोलिसांनी चौकशी केली तेव्हा कळलं की मातेच्या भटारखान्यात भांडी घासणारी बाई सहा महिन्यांची गरोदर होती आणि तिच्याकडून रोज सकाळी 'आशीर्वादासाठी' बाटली भरून घेतली जात होती. तिलाही खरं कारण माहीत नव्हतं.

पट्टी बघितल्यावर गुरुजींनी तोंडात बोटं घालून ओकारी काढली आणि सोवळ्यासकट नदीकडे धावले. त्यांच्यामागे तीर्थ घेतलेले सगळे धावले. पंचगंगेच्या पायऱ्यांवर एकच झुंबड. मातेला शिव्या घालत होते, पंचगव्याचं विचारत होते, प्रायश्चित्ताचं विचारत होते. विटाळाचा एवढा संताप! पण ज्या बायकांना आई झालीस असं सांगून घरी पाठवलं, त्यांच्याबद्दल त्या गर्दीत एकालाही संताप आला नव्हता. शरदिनीबाईसुद्धा नवऱ्याचा पंचा घेऊन खाली गेल्या.

रिकाम्या मांडवात अंतरा पोटावर हात ठेवून तशीच उभी होती. ती रडत नव्हती. तिने मालविकाला विचारलं, "ताई, मग माझ्या पोटात काय आहे?"

तेवढा एक प्रश्न तिला इतके दिवस कोणी विचारू दिला नव्हता. आम्ही तिला कोणाची परवानगी न घेता थेट नेलं. सोनोग्राफीत गाठ दिसली, नारळाएवढी, आणि तिला पीळ पडायला सुरुवात झाली होती. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. उजवं अंडाशय गेलं, डावं वाचलं, अंतरा वाचली. सर्जन म्हणाले, दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. देवव्रत रुग्णालयात आला तेव्हा शुद्धीवर येऊन तिने पहिलं वाक्य त्याला म्हटलं, "आता तुमचीही तपासणी करायची." त्याने मान डोलावली. तिचा अहवाल आणि त्याचा अहवाल काय सांगतात ते मी इथे लिहिणार नाही, तो त्या दोघांचा प्रश्न आहे.

यज्ञेश पकडला गेला. माता त्या गोंधळातच पसार झाली, आणि परवा ऐकलं की शेजारच्या जिल्ह्यात नवं नाव घेऊन पुन्हा बसली आहे. गर्दी आहेच म्हणे. म्हणून हे लिहिते आहे. घरातल्या बाईचं पोट दुखत असेल तर तिला डॉक्टरकडे न्या. मूल होत नसेल तर दोघांनाही न्या, एकटीला नको. मुलींना पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, ते वेळेवर आणि नीट सांगा. नाही सांगितलं तर सांगायला माता बसलेल्याच आहेत. आणि जो कोणी म्हणेल की दुसऱ्या कोणाला विचारू नकोस, त्याला भीती कसली वाटते, ते आधी शोधा. अंतराला तिच्याच पोटाबद्दल एक प्रश्न विचारायला जीव जाण्याची वेळ यावी लागली. तुमच्या घरातल्या मुलीला तो आजच विचारू द्या.