खालच्या घराची रजामंदी

“अप्पा, आमच्या मोरीचं घोडं कुठं पेंड खायलंय?”

बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत माझ्या मेजापुढं आयुब गवंडी उभे होते. मिशीवर चुना, हातात ओळंबा. कामावरून तसेच आले होते. त्यांच्या कागदांची मिसल माझ्या कोपराखालीच होती, आणि मी तिच्यावरचा हात उचलला नाही.

“रजामंदी बाकी आहे, चाचा. खालच्या घरवाल्याची. ती आली की एका दिवसात इजाजतनामा.”

“बरं. कायदाच हाय त्यो,” असं म्हणून ते गेले.

कायदा होताच, मी खोटं बोललो नव्हतो. त्या सुमारास वेशीबाहेरच्या उतारावर नवी घरं होत होती. नव्या घराच्या न्हाणीचं पाणी गल्लीतल्या दगडी मोरीला जोडायचं तर दरखास्त द्यायची, सोबत नकाशा लावायचा आणि ज्याच्या दारावरून पाणी जाणार त्या खालच्या घरवाल्याची लेखी रजामंदी, म्हणजे संमती, आणायची. ती मागून घेण्याचं काम कचेरीतल्या कारकुनाचं. तोवर बलदियाचा जवान येऊन न्हाणीचं तोंड चुन्यानं बंद करून जाई. हे सगळं उर्दूत चाले, आणि माझं उर्दू अक्षर मोत्यासारखं म्हणून मला ही नोकरी लागली होती. मोरीचा का होईना, साहेब होतो मी. त्या साहेबीचा मला भारी ताठा होता.

आता आयुबचाचांच्या खालचं घर कुणाचं, तर माझंच. मीच रजामंदी मागणारा आणि मीच देणारा. इतकं सोपं काम साऱ्या निजाम सरकारात दुसरं नसेल. ते मी सात महिने अडवून ठेवलं.

आयुबचाचा परके नव्हते. आमची न्हाणी त्यांनीच बांधली होती. बांधून झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून ते मोरीकडं कसं धावतं हे त्यांनी मला लेकराला दाखवावं तसं दाखवलं होतं. जन्मभर लोकांची घरं बांधली, तेव्हा कुठं पन्नाशीत त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं. मूलबाळ नव्हतं. बायको सकिनाबी, तिला लकवा झालेला. उजवं अंग गेलं होतं. पूर्वी ती बायकांबरोबर ओढ्यावर जायची, आता उचलून न्यावी लागे. घरात न्हाणी हवी होती ती तिच्यासाठी. तिला बसायला त्यांनी आत दगडाचा बुटका ओटा बांधला होता. टेकायला पाठीमागं गुळगुळीत शहाबादी फरशी लावली होती. मी जागेचा मोका पाहायला गेलो तेव्हा सकिनाबीनं बाजेवरूनच डाव्या हातानं सलाम केला.

“येवडं करा, अप्पा,” ती म्हणाली. जीभ जड झाली होती, तरी शब्द नीट कळले.

घरी येऊन मी उमाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं.

“बकऱ्याचं धुतलेलं पानी माझ्या उंबऱ्यापुढनं?” ती म्हणाली. “आन् म्या लिंगपूजा करून त्याच पान्यावरनं पाय टाकत बाहीर पडू? न्हाय जमायचं.”

तिनं एकदाच नाही म्हटलं, तेही रागाच्या भरात. पुढचे सात महिने जे झालं ते माझं आहे, तिचं नाही. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची दानत नव्हती. म्हणून मी कायद्याच्या आड बसलो. दर महिन्याला मिसलीवर सुंदर अक्षरात लिहायचो, ‘खालच्या घरवाल्याकडे तगादा केला. तो टाळाटाळ करतो.’ स्वतःबद्दल इतकं खरं मी दुसरीकडं कुठंच लिहिलं नसेल. वर सही पुन्हा माझीच. कचेरीतले मोठे साहेब न वाचता शिक्का मारायचे.

खुर्दाद महिन्यातल्या, म्हणजे ऐन चैत्र-वैशाखातल्या, उन्हात एक दिवस उमाबाई ताकाचं भांडं घेऊन वर गेली आणि तशीच परत आली. चेहरा उतरला होता.

“दोन बाजा उभ्या करून त्यांच्या मधी आंघूळ घालायलेत तिला. शेजारची गुलबानो घालायलीय, आन् चाचा पाठ करून चादर धरून हुभे. वाऱ्यानं चादर उडाली. रस्त्यानं जानारे मानसं बघायलेत. ती बाई नुसती डोळे मिटून बसली वो! द्या की ती रजामंदी.”

“तूच नको म्हणाली होतीस.”

“म्हनले हुते. आता द्या म्हनते. म्या अडानी. तुमाला शिकून काय झालं?”

मी त्याच दिवशी द्यायला हवी होती. कागद काढलाही. पण मिसल उघडली आणि माझंच अक्षर माझ्याकडं बघू लागलं. टाळाटाळ करतो, टाळाटाळ करतो, सात वेळा. त्याखाली ‘रजामंदी दिली, शरणबसप्पा’ असं स्वतःचं नाव घालून लिहायचं कसं? साहेबांनी वाचलं तर? आयुबचाचांना कळलं तर? चोराच्या मनात चांदणं, तसं झालं. साहेबांची बदली महिन्याभरात होणार होती. नवा साहेब आला की मिसल नव्यानं बांधू, जुने कागद गळतील आणि कुणाला काही कळणार नाही, असं मी ठरवलं. आपल्या हुशारीवर मी खूशही होतो.

नवा साहेब यायच्या आधीच सकिनाबी गेली. पहाटे गुलबानोची हाक आली आणि उमाबाई अनवाणीच वर धावली.

मी काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. घरी बसून रजामंदी लिहिली. अक्षर तेव्हाही मोत्यासारखंच आलं. कागद घेऊन मी वर गेलो.

दारात चार माणसं बसली होती. आयुबचाचा त्यांच्यात नव्हते. ते न्हाणीत होते. कोपऱ्यातली फरशी काढून गुडघ्यावर बसून छिन्नी-हातोड्यानं खडक फोडत होते. फरशी भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. मोरीच्या तोंडाचा चुना जसाच्या तसा होता.

“चाचा, हे काय करताय?”

“तिच्या गुस्लाचं, शेवटच्या आंघुळीचं, पानी जिरवायला खड्डा. असं पानी वाहू देत न्हाईत आमच्यात.” हातोडा थांबला नाही. “मोरी असती तरी खांदलाच असता. रोजच्या पान्याला हा खडक दाद देत न्हाय, अप्पा. येका आंघुळीपुरतं जिरंल.”

मी कागद पुढं केला. “रजामंदी आली, चाचा.”

“कुनाची?”

मी कागद आणखी पुढं सरकवला. त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते, पण त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“गवंड्याला उतार कळत न्हाय व्हय, अप्पा? पानी कुनाच्या दारावरनं जानार ते म्या पाया खांदतानाच बघितलं हुतं. म्हनलं, मानूस चांगला हाय. आज न्हाय उद्या देतीलच. तिलाबी तसंच सांगत आलो.”

त्यांनी कागद घेतला नाही. हाताची माती दाखवली आणि पुन्हा छिन्नी धरली.

तेवढ्यात उमाबाई आतून आली. सकिनाबीला घालायला पाणी कमी पडत होतं आणि सरकारी आड लांब होता. तिनं चाचांना विचारलं, “आमच्या आडाचं आनलं तर चालंल का?”

“चालंल की, बाई. आना.”

मग मी कागद खिशात घातला, सदरा काढला आणि आमच्या आडावर उभा राहिलो. मी शेंदत होतो, उमाबाई घागर उचलून चढ चढत होती. बारा घागरी झाल्यावर वरून गुलबानोनं पुरे म्हणून हात केला.

आत बायकांनी सकिनाबीला तिच्या न्हाणीत पहिल्यांदा आंघोळ घातली. मी आमच्या उंबऱ्यावर बसून होतो. खाली एक थेंब आला नाही.