मागच्यासारखंच ना?

महिना उजाडला की ताईच्या कानाला फोन चिकटायचा, तो पार संध्याकाळपर्यंत. धंदा मोठ्यांच्या डायपरचा. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जे जे लागतं ते सगळं: डायपर, अंथरायचे पॅड, हातमोजे, पुसायचे ओले रुमाल, तेही घरपोच. गिऱ्हाइकं ठरलेली, माल ठरलेला, तरी मालकाचा नियम असा की विचारल्याशिवाय खोका हलवायचा नाही. मग ताई एकेकाला फोन लावायची आणि म्हणायची, "मागच्यासारखंच ना?" पलीकडून "हो" आलं की मागची ऑर्डर उघडायची, तिची नक्कल करायची, तारीख बदलायची आणि पुढचा नंबर फिरवायचा.

विचारायचं ते फक्त साइझचं. पेशंट कसा आहे हे विचारायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं होतं. लार्जऐवजी मीडियम मागितलं की तिकडे काय चाललंय ते समजायचं. आणि कुणी म्हणालं, "यावेळी नको," तर "बरं" म्हणून फोन ठेवायचा. का नको, असं विचारणारा माणूस त्या धंद्यात टिकत नाही.

अशा कामाने कुणीही दमेल. ताई दुप्पट दमायची, कारण दिवसभर हेच बोलून घरी जायचं ते हेच करायला. घरात दोघीच, ती आणि आई. आई पडल्यापासून कमरेखाली हलत नव्हती. सकाळी निघण्याआधी बदलायचं, दुपारी शेजारच्या काकू डोकावून जायच्या, संध्याकाळी आल्याआल्या पुन्हा बदलायचं, कूस वळवायची, पाठ पुसायची, चादर धुवायची. तिच्या कमरेत कायमची कळ भरली होती आणि ती कुणाला सांगण्याचाही तिला कंटाळा आला होता.

शेवटी एकदाची मालकाला उपरती झाली आणि त्यांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते शिकवायला एक पोट सुटलेले गृहस्थ आले. चष्मा कपाळावर आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं ना?" गोदामवाल्याने पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं: समजलंना साहेब.

"एकदाच भरायचं, ताई," साहेब म्हणाले. "कुणाला, काय, किती, महिन्याच्या कुठल्या दिवशी. मग ऑर्डर आपोआप बनते, बिल आपोआप जातं, गोदामात चिठ्ठी आपोआप निघते. तुम्ही नुसतं बघायचं. समजलं ना?"

"आणि कुणाला नको असेल तर?"

"गिऱ्हाईक बिलाच्या मेसेजमध्ये जाऊन स्वतःच बंद करतं."

"त्या दिवशी कोण मेसेज उघडत बसतं, साहेब?"

साहेब आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला. "असं करू," ते म्हणाले, "आदल्या दिवशी विचारणारा मेसेज जाईल. उत्तर आलं नाही, तर ऑर्डर थांबेल आणि तुम्हाला दिसेल." यावेळी ते समजलं ना म्हणाले नाहीत. ताईला ते बरे वाटले.

तळाशी एक चौकोन होता: ऑर्डर कधी बंद करायची. तारीख टाका, नाहीतर 'शेवट नाही' निवडा. रिकामा सोडला तर ते यंत्र पुढे जाऊच देत नव्हतं, अडून बसायचं. हाड मोडून पडलेल्यांना ताईने तारीख टाकली, ती माणसं उठणार होती. बाकी सगळ्यांना 'शेवट नाही'. दिवसभर तिने तेच तेच निवडलं. जेवणाच्या सुट्टीनंतर तिला ते शब्द वाचवेनात, पण हात चालूच राहिला.

आईचं नावही त्याच गिऱ्हाइकांत होतं. तिथे मात्र तिने झटक्यात या महिन्याची अखेर टाकली. कारण दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, शब्द दिला होता. "पुढच्या महिन्यापासून आई माझ्याकडे," तो म्हणाला होता, "तू पुष्कळ केलंस." दादाचं घर मोठं, वहिनी घरी असते, माल त्याच्या गावात मिळतो. ताईने त्याचा शब्द धरून तारीख टाकली. टाकल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच शरम वाटली. पण तारीख तिने खोडली नाही.

नव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी ती ऑफिसात पोचली, तर ऑर्डरी बनून बसलेल्या. फोन गप्प. हातांना काय काम द्यावं हे तिला कळेना, म्हणून तिने टेबल पुसलं.

"ताई, तुमच्या घरचा खोका नाही निघाला यावेळी," गोदामवाला म्हणाला.

"आई दादाकडे चाललीय. रविवारी येतोय तो न्यायला."

"सुटलात," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"हो, सुटले," ताई म्हणाली. कुणासमोर असं स्पष्ट बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ.

रविवारी तिने आईची बॅग भरली, तिचे केस विंचरले. दुपार कलली, चार वेळा चहा झाला, दादाचा पत्ता नाही. डायपरचं पाकीट तळाला गेलेलं. नवं येणार नव्हतं, तिनेच बंद केलं होतं. संध्याकाळी तिने फोन लावला.

"अगं, आईने काल फोन केला होता की," दादा म्हणाला. "येऊ नकोस म्हणाली. तुला बोलली नाही?"

ताईने फोन ठेवला आणि ती आतल्या खोलीत गेली. आईचा मोबाइल उशाशीच होता. आई भिंतीकडे बघत होती.

"दादाला नको म्हणालीस?"

"वहिनी चांगली आहे गं," आई म्हणाली. "पण तिच्यासमोर उघडं पडायचं... मला लाज वाटते. तुझ्यासमोर नाही वाटत."

"मला विचारायचंस तरी."

"विचारून काय? तू राहा म्हणाली असतीस. तू कधी कशाला नाही म्हणालीस?"

ताईला रडू आलं नाही, राग आला, आणि रागावायलाही अंगात त्राण नव्हतं. आईला जिच्यासमोर लाज वाटत नाही अशी आपण एकटीच उरलोय, हे ऐकून तिला बरंही वाटलं आणि त्याच वेळी त्याचं ओझंही झालं. तिने पाकिटातलं उरलेलं काढलं, आईचं बदललं, पाठ पुसली. मग बाहेर येऊन तिने पुन्हा फोन लावला.

"आई नको म्हणाली आणि तू लगेच ऐकलंस," ती म्हणाली.

"आता तीच नको म्हणतेय, तर मी काय..."

"ती बोलली आणि मी बोलले नाही, एवढाच फरक आहे. मी दमलेय, दादा."

"काय करू, सांग," तो म्हणाला.

भांडायची तिची पुरती तयारी होती. हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"शनिवारी मुक्कामाला ये," ती म्हणाली. "दर शनिवारी. तोवरचं मी गोदामातून आणते, पण येताना पुढचं पाकीट घेऊन ये. बदलायचं कसं ते मी दाखवते."

"मी? आईचं?"

"तू."

"तिला चालेल?"

"नाही चालणार. लाजेल, रडेल. तूही रडशील. मी पलीकडच्या खोलीत दार लावून झोपणार आहे. मला उठवायचं नाही."

दादा काही बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं होतं.

"येऊ दे त्याला," आई म्हणाली. "तू झोप."