एकट्या खर्जाचं गाणं

वकिलातीतल्या बाईंचं दिवसाचं काम म्हणजे दोन सरकारांच्या मधे बसून कुणाचाही शब्द खाली पडू न देणं. संध्याकाळी त्या जवळच्या गल्लीतल्या गायकांसाठी वृंदगानं रचत. "सरकारं जुळत नाहीत, म्हणून गळे जुळवतेस होय?" असं नवरा चिडवायचा.

वृंदगान म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल गाणं नव्हे. गट चार, चाली चार. एकेकटी ऐकली तर पोरकी वाटते. चारही एकत्र आल्या की घर उभं राहतं. आणि बाई तर शिंप्यासारखं गळ्याचं माप घेऊन गाणं शिवत. बेकरीवाल्याचा दम मोठा, म्हणून लांबवलेला सूर त्याच्या वाट्याला. नर्सबाईंच्या अंगात घाई, म्हणून धावती चाल त्यांना. तळाचा खर्ज मात्र एकट्या आजोबांचा. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. गळ्यात सूर पाचच, पण लागले की बाकड्यांना कंप सुटे.

यंदाचं गाणं बाईंनी आईसाठी रचलं होतं. आई गेली तेव्हा त्या परमुलखात तहाच्या बैठकीत अडकलेल्या. शेवटचं तोंडही दिसलं नाही. गाण्याला शब्द दोनच, आई दारात म्हणायची तेच: "आलीस? ये." हे एकदा चारही आवाजांत स्वतःच्या कानांनी ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. बदलीचा हुकूम हातात पडला होता, आणि हे गळे दुसऱ्या गावात कुठून मिळणार?

पण सवयीनं घात केला. कार्यक्रमाआधी बाईंनी, ज्या देशात नेमणूक होती तिथल्या परराष्ट्र खात्याला रीतसर कळवलं.

"अगं, गल्लीतलं गाणं ते!" नवरा म्हणाला. "मंत्रालयाला कशाला?"

"न कळवता काही केलं की गैरसमज होतात."

"आणि कळवून झाले तर?"

झालेच. त्याच आठवड्यात मासेमारीच्या बोटींवरून दोन्ही सरकारांचं फाटलं. एरवी ज्या गाण्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, ते आता कुणाच्या तरी टेबलावर कागद होऊन पडलं होतं. उत्तर आलं: परकी वकिलात पुरस्कृत करत असलेल्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची नोंद घेतली जाईल.

गाणं बसवणारे मास्तर धावत आले. ते सरकारी शाळेत शिकवत.

"खिडक्या लावून गाऊ, बाई. घाबरतो कोण?"

"मी घाबरते, मास्तर. 'नोंद घेतली जाईल' हे वाक्य मी स्वतः कितीदा लिहिलंय. त्याच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे. तुमची शाळा जाईल, नर्सबाईंचं इस्पितळ जाईल. नको."

"मग गाण्याचं काय?"

"मागे घेतलं मी."

"तुम्ही कळवलंच नसतंत तर..." मास्तरांनी जीभ चावली. पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही. तो बाईंच्या काळजात रुतून बसला.

निघायच्या आदल्या दुपारी, सामान बांधून झाल्यावर, आजोबा धापा टाकत जिना चढून आले.

"आजोबा, तुम्ही इथे यायला नको होतं."

"का? पेन्शन बंद करतील? छाती तरी कुठे धड चालू आहे! डॉक्टर म्हणतो, गाणं बंद. म्हटलं, बाबा रे, हे एक होऊ दे, मग तुझं ऐकतो. बसा तुम्ही."

बाई एका खोक्यावर बसल्या. आजोबांनी खुर्चीची पाठ धरली आणि गायला लागले. खर्जाच्या चालीत सूर थोडे, थांबणंच जास्त. वरच्या तीन गटांनी जिथे गायचं होतं तेवढा वेळ आजोबा गप्प उभे राहत, बोटानं खुर्चीवर मात्रा मोजत, आणि नेमक्या जागी पुन्हा सूर लावत. मधे एकदा दम तुटला. त्यांनी हातानंच 'थांबा' म्हटलं, श्वास घेतला, आणि गाणं शेवटपर्यंत नेलं.

"बाकीचे कसे गायले?" घाम पुसत त्यांनी विचारलं.

"छान गायले," बाई म्हणाल्या. जन्मभराच्या नोकरीनं हे उत्तर जिभेवर तयारच असायचं. मग त्या खोक्यावरून उठल्या. "नाही, आजोबा. मला कुणीच ऐकू आलं नाही. मनातसुद्धा नाही."

आजोबांनी मान हलवली. "मलाही नाही."

बाईंनी त्यांना पाणी दिलं. मग त्यांचा दंड धरून त्या जिना उतरू लागल्या, एकेक पायरी, दर वळणावर थांबत.