हवा खेळवणे

मामांच्या शब्दकोशाच्या कचेरीत ‘हवा खेळवणे’ या क्रियापदाचं काम चाललं होतं, आणि कचेरीत श्वास घ्यायची सोय नव्हती. खिडकी एकच; तिच्या फटी मामांनी स्वतः कागद चिकटवून बुजवलेल्या. का, तर टेबलावर पसरलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या उडतील. पंखाही त्याच कारणाने कायमचा बंद. भाषेचा एवढा कीस पाडणाऱ्या माणसाला चिठ्ठ्यांवर वजन ठेवायचं मात्र सुचलं नव्हतं.

हाताखालच्या भाचीला दमा होता. मामांनी नोकरीला लावलं म्हणून घरचे त्यांना देव मानत, त्यामुळे ती तोंड मिटून बसायची. कधी खिडकीचा विषय काढलाच, तर मामा म्हणत, आधी नोंद पुरी होऊ दे.

नोंद कसली पुरी होतेय! खोलीत हवा खेळवतात, हे त्यांना कबूल. धान्याच्या कोठारात खेळवतात, हेही त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. पण इस्पितळातलं यंत्र रोग्याच्या छातीत हवा खेळवतं म्हणावं की भरतं, यावर त्यांचा काथ्याकूट संपेना. शिवाय बोलण्यातला वापर प्रत्यक्ष कानांनी ऐकल्याशिवाय कोशात घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम. आणि मामा तर कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हतेच.

त्या दुपारी भाचीला धाप लागली. पर्समधला दम्याचा फवारा रिकामा निघाला. टेबलाला धरून ती कशीबशी म्हणाली, “मामा, खिडकी उघडा. जरा हवा खेळू द्या.”

मामा ताडकन उठले. निदान आता तरी, असं तिला वाटलं. त्यांनी कोरी चिठ्ठी ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: बोलण्यातला वापर, स्त्री, वय माहीत नाही.

“‘खेळू द्या’ नको,” ते म्हणाले. “‘खेळवा’ म्हण. आपल्याला ते हवंय.”

भाचीच्या हाताशी कोशाचा पहिला खंड होता, चांगला उशीएवढा जाड. तिने तो दोन्ही हातांनी उचलून काचेवर हाणला. इतक्या वर्षांत त्या ग्रंथाचा कुणाला उपयोग झाला तो पहिल्यांदाच.

वारा आत शिरला. मामा टेबलाखाली रांगत चिठ्ठ्या पकडू लागले. भाची जिवंत आहे का, हे बघायला त्यांना सवड नव्हती. नोकरी गेली, हे तिला कळत होतं. घरी बोलणी बसणार, हेही कळत होतं. फुटक्या काचेपाशी उभी राहून तिने आधी छातीभर श्वास घेतला, मग मामांच्या हातावर पाय पडणार नाही एवढं बघून दाराकडे निघाली.